एकोणीस रोपं आणि घंटेची तार

"आधी महाराणीला उचल, मगच मी आत येतो," भोंगा दारातूनच म्हणाला. मांजराचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा होता.

मुंगी रोपांच्या फळीखाली वाकली. सुट्टी लागल्यापासून दोघं बहीणभाऊ काकाकडे होती आणि काकूच्या रोपांना पाणी घालायचं काम मुंगीकडे आलं होतं. एकोणीस रोपं. काकूने एका गुलाबाचे पराग दुसऱ्याला लावून बी धरलं होतं, पण ते रुजायच्या आधीच ती गेली. फुलं कोणत्या रंगाची येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातलं आणखी बीही उरलेलं नव्हतं. समोर उंच इमारत उभी राहिल्यापासून खिडकीत ऊन फिरकत नसे, म्हणून काकाने दहा-दहा वॅटचे बारा एलईडी दिवे स्वतःच फळीवर जोडले होते.

मांजर उचलताना मुंगीचा हात तारेच्या वेटोळ्याला लागला. जास्तीची तार काकाने कापली नव्हती, गुंडाळून तिथेच ठेवली होती. ती चांगलीच तापली होती.

"उशा-गाद्या सोडून बाईसाहेब इथे का झोपतात, ते कळलं," मुंगी म्हणाली. मग तिने वर पाहिलं. शेवटचे चार दिवे पहिल्या चारांपेक्षा मंद होते.

काकाला सांगितलं, तर त्याने मान वर न करता उत्तर दिलं की बाराच तर व्होल्ट आहेत, बारा व्होल्टने मुंगीलासुद्धा चटका बसत नाही. काकू गेल्यापासून त्याने केलेला हा पहिला विनोद. पण कुणाला हसू आलं नाही. दिवे मिनिटभरही बंद करायचे नाहीत, असंही त्याने बजावलं.

दोघांनी कोपऱ्यावरचं विजेच्या सामानाचं दुकान गाठलं. भोंग्याने फळीखाली पडलेला तारेचा एक तुकडा खिशात घालून आणला होता. दुकानातल्या मावशींनी तो बोटांत फिरवला. दारावरच्या घंटेची तार, म्हणाल्या. दोन अँपिअर म्हणजे हिच्या डोक्यावरून पाणी. मग त्यांनी भोंग्याला भागाकार करायला लावला. एकशेवीस वॅट भागिले बारा व्होल्ट. उत्तर आलं दहा अँपिअर.

"व्होल्ट कमी, म्हणून बारीक तार चालेल, असं सगळ्यांना वाटतं," मावशी म्हणाल्या. "तार तापते ती अँपिअरने. त्यातून गुंडाळून ठेवलीय म्हटल्यावर उष्णता जाणार कुठे? आग लागेल, बाळांनो. आधी स्विच बंद करा."

घरी येऊन मुंगीने स्विच बंद केला. काकाने तो लगेच पुन्हा चालू केला.

मग मात्र तिने काकूचा मातीत खुपसायचा तापमापक शोधून काढला. त्याची सळई वेटोळ्यात खोचली आणि कुंड्यांपुढे अशी बसली, की फक्त आकडा दिसावा. भोंग्याने काकाला हाक मारली, हा आकडा वाचता येत नाही म्हणून.

काकाने चष्मा लावला. "एकसष्ट? अरे, मुळं शिजतील! कुठलं रोप?"

"कुठलंच नाही," मुंगी म्हणाली आणि बाजूला सरकली.

वेटोळ्यावरचं प्लास्टिक मऊ पडून तपकिरी झालं होतं. काकाने स्वतःच्या हाताने स्विच बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसला.

"तिच्या आजारपणात उशाशी घंटेचं बटण लावलं होतं ना, त्याची तार ही," तो म्हणाला. "तिने बटण दाबलं, की मी असेन तिथून धावत यायचो. ती गेल्यावर टाकवेना. म्हटलं, तिच्या रोपांच्या कामी येईल."

मुंगी त्याला टेकून बसली. भोंग्याने महाराणीला चक्क मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्वतः आल्या. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची जाड तार, हवी तेवढीच लांब, आणि जिथून वीज दिव्यांकडे निघते तिथेच एक फ्यूज. बाराही दिवे सारखे उजळले. वेटोळ्याच्या अगदी वरचं एक रोप मात्र वाळून गेलं होतं. अठरा उरली. पोरांनी घर वाचवलं तुमचं, असं काकाला सुनावून मावशी गेल्या.

तासाभराने काकाने नव्या तारेवरून हात फिरवला. गार होती. तो उठला, लगबगीने आतल्या खोलीकडे निघाला. "अगं, ऐकलंस का, पोरांनी काल..." आणि उंबऱ्यातच थांबला.

आत रिकामी कॉट होती.

मग तो परत आला.

"तिला सांगायला निघालो होतो," तो म्हणाला.

"आम्हाला सांग," मुंगी म्हणाली. "पहिल्यापासून."

काका खुर्चीत बसला आणि मांजरापासून सुरुवात करून त्याने सगळं सांगितलं, तिला सांगितलं असतं तसं, मध्ये हसत, मध्ये थांबत, पोरांचं कौतुक करत. दोघं ऐकत राहिली, जणू यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं.