चोवीस फ्लॅशबॅक

दोन पाकिटे, आत एकच पटकथा. गोष्ट तीच, संवाद तेच, पात्रांची नावेही तीच. संध्या इंगोलेने दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि संस्थेचे सचिव पंजाबराव यांना फोन लावला.

अमरावतीतल्या एका चित्रसंस्थेच्या लघुपट स्पर्धेची ती परीक्षक. पंजाबरावांनी नियम वाचून दाखवला. चोर ठरेल त्याचे नाव कायमचे बाद. दोघांतल्या दुसऱ्याच्या पटकथेचे चित्रीकरण सोमवारी. निकाल उद्या सकाळी.

एक प्रत ललितची होती. अकोल्यात तो पटकथालेखनाचा वर्ग चालवी. दुसरी त्याच्याच वर्गातल्या प्रियदर्शनी तायडेची. ललितची चार दिवस आधी पोचली होती. फरक एवढाच, की तिच्यात चोवीस फ्लॅशबॅक होते आणि प्रियदर्शनीच्या प्रतीत एकही नव्हता.

चोवीस प्रसंग, प्रत्येकाआधी एक फ्लॅशबॅक, न चुकता. सूर्यभान नावाचा म्हातारा अकराव्या प्रसंगात मरतो. बाराव्याआधी त्याला स्वतःचे लग्न आठवते.

दुपारी संध्या अकोल्यात होती. ललितने आधी अर्धा तास तिला काळ म्हणजे काय ते समजावले. मग म्हणाला, गोष्ट त्याने वर्गात ऐकवली होती. मुलीने ती उचलली आणि फ्लॅशबॅक झेपले नाहीत म्हणून गाळले.

"सूर्यभानला मेल्यावर कसं आठवतं?"

"मॅडम, मृत्यू माझ्याकडे घटना नसते. अवस्था असते."

"आणि चौदाव्या फ्लॅशबॅकमधली भावना? अंजनगावात राहते, सातवा महिना आहे, फोन वाजतो, ती गॅस सिलिंडरकडे बघते. पुन्हा कुठेच येत नाही."

"नायिकेची बहीण. सिलिंडर म्हणजे मातृत्वाचा दाब."

संध्याने ते जसेच्या तसे लिहून घेतले. असले वाक्य मुद्दाम रचायला बसले तरी साधत नाही.

प्रियदर्शनी एका सरकारी कार्यालयात लिपिक होती. तिच्यापुढे फाइल उघडी होती. उजवीकडे आलेली पत्रे, डावीकडे तिच्या टिपण्या. मूळ पटकथा वहीत लिहिली, ती ललित सरांनी वाचायला नेली आणि हरवली म्हणून सांगितले, असे ती म्हणाली. मग तिने आठवून पुन्हा लिहून काढली. म्हणून उशीर झाला.

"आता तेच मले चोर म्हणून राहिले, ताई. आफिसात सगळ्यायले मालूम झालं."

"फ्लॅशबॅक काहून नाहीत?"

"कोणाचं मागं काय झालं ते मले मालूम पाहिजे. पाहणाऱ्याले कायले सांगा? माणूस वागते त्याच्यातच दिसते ना."

"भावना कोण?"

तिचे पेन थांबले. "माही बहीण. अंजनगावले दिली. तुमाले कोणं सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी पंजाबरावांच्या खोलीत ललित आणि प्रियदर्शनी समोरासमोर होते. संध्याने घाई केली नाही.

"सरकारी फायलीत उजवीकडे कागद, डावीकडे टिपणी. प्रियदर्शनीने वहीही तशीच लिहिली. उजव्या पानावर प्रसंग, डाव्यावर पात्रांचं मागचं आयुष्य. ते फक्त तिच्यासाठी. ललित सर, वही हरवली नव्हती. तुम्ही ती ओळीने उतरवत गेलात आणि डाव्या पानाच्या डोक्यावर 'फ्लॅशबॅक' लिहीत गेलात. म्हणून प्रत्येक प्रसंगाआधी एक. म्हणून मेलेल्यालाही आठवण."

"ही तुमची कल्पना झाली."

"चौदाव्या डाव्या पानावर टिपणी नव्हतीच. घरची कामं होती. भावनाला सातवा लागला, अंजनगावला फोन करणे, सिलिंडर सांगणे. तुम्ही त्याचं मातृत्व केलंत."

पंजाबरावांनी चष्मा काढला. ललितची पुणेरी भाषा तिथल्या तिथे गळून पडली.

"मले काय मालूम तिले भावना नावाची बहीण आहे म्हणून?"

"तेच तर. मालूम असतं तर ते पान तुम्ही गाळलं असतं."

मग ललितने विचारले, मार्गदर्शक म्हणून तरी नाव राहील का. पंजाबरावांनी त्याच्या प्रतीवर आडवी रेघ मारली आणि प्रियदर्शनीची प्रत पुढे ओढून तिच्यावर सही केली.

"सोमवारची रजा टाकू का?" प्रियदर्शनीने विचारले.

"आठवडाभराची टाका," पंजाबराव म्हणाले.