‘या’ म्हणेपर्यंत

प्रिय ओलीवाताई,

आधीच सांगतो, या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतील. गुरुजींकडे मी तिसरीपर्यंत होतो, आणि त्यातलेही निम्मे दिवस रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालण्यात गेले. मोठे शब्द मला येत नाहीत. जे झालं ते साध्या शब्दांत लिहितो. आमची पत्रं भावोजी थंडीत गोठ्यात शेजारी जमवून मोठ्यानं वाचतात, हे मला माहीत आहे. हे तसं वाचू नका. दोघांनीच वाचा.

तू विचारलं होतंस, गाय आणि घर विकून पोरांना घेऊन निघू का. त्याचं उत्तर मी परवा दुपारी लिहायला बसलो होतो. बाबा सांगत होते, मी लिहीत होतो.

“लिही, मका माणसाच्या डोक्याच्या वर गेला. लिही, इथं कुठल्याही मालकापुढे टोपी काढावी लागत नाही. लिही, आपल्या शेजारचा तुकडा तुमच्यासाठी राखून ठेवलाय, नुसतं यायचं आणि कुऱ्हाड चालवायची.”

“थंडीचं लिहू?” मी विचारलं.

“तुझ्या बहिणीला थंडी माहीत नाही होय रे? डोंगरातच जन्मली ती. संत्र्याच्या झाडांचं लिही. पुन्हा लिही.”

आई म्हणाली, “संत्र्यांचं राहू दे.”

बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली. दोघांना खालच्या शेजाऱ्याकडे डुक्कर कापायला मदतीला जायचं होतं. आईनं सॉसेजसाठी मिठाची पिशवी घेतली, बाबांनी सुऱ्या घेतल्या. दारातून बाबा म्हणाले, “लेखनिक, परत येईपर्यंत पुरं करून ठेव. खेचरवाला सकाळी टपाल नेणार आहे.”

घरात मी आणि बेत्ता. बेत्ता आता सहा वर्षांची आहे. तुला ती पाळण्यातली आठवत असेल. ती चुलीच्या गरम राखेत पाइनच्या बिया भाजत बसली होती.

आता मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही समुद्र ओलांडून या जमिनीवर आलो तेव्हा चुलीचे दगड इथे आधीच मांडलेले होते. विहीर होती. मागे संत्र्याची झाडं फळांनी लगडलेली होती. तेव्हा मी लिहिलं होतं, देवानं सगळं आधीच मांडून ठेवलंय. त्या दगडांभोवतीच आम्ही फळ्यांचं घर उभं केलं. त्याच थंडीत एका संध्याकाळी बाहेर फाटकापाशी टाळ्या वाजल्या. आपल्याकडे माणूस दारावर थाप मारतो. टाळ्या कोण वाजवतं? बाबा म्हणाले, “दरोडेखोरांची खूण असेल. दिवा विझवा.” आम्ही दिवा विझवला. टाळ्या पुन्हा झाल्या. मग बाईचा आवाज आला, इथल्या भाषेत. आम्हाला तेव्हा ती भाषा येत नव्हती. आम्ही श्वास धरून बसलो. खूप वेळानं खोकला ऐकू आला. मग काहीच नाही.

सकाळी सगळीकडे हिव पडलं होतं. फाटकाच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. तिच्या भुवयांवरसुद्धा पांढरं होतं.

बाबांनी ओढ्यापलीकडच्या फिर्मीनोला बोलावून आणलं. तो इथलाच, जन्मापासूनचा. त्यानं तिचे डोळे मिटले आणि विचारलं, “केव्हा आली होती?”

“काही ऐकलंच नाही,” बाबा म्हणाले.

फिर्मीनोनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

“इथं कोणी बोलावल्याशिवाय फाटक ओलांडत नाही,” तो म्हणाला. हातांनी खुणा करत, हळूहळू, आम्हाला समजेल असं. “टाळी वाजवायची आणि थांबायचं. घरातून ‘या’ म्हणेपर्यंत थांबायचं. फाटक उघडं असलं तरी. मग या जासिंतानं कसं ओलांडावं? हे घर तिचंच असलं म्हणून काय झालं?”

जमीन मोजायला दोरी घेऊन माणसं आली, तेव्हा तिला आणि तिच्या माणसांना इथून उठवलं होतं. कागद तिच्याकडे नव्हता. मग तो आम्हाला मिळाला. त्या दिवशी तिला तिच्या चुलीपाशी थोडं शेकायचं असेल, एवढंच. ताई, हे आम्ही तुला कधी लिहिलं नाही. त्या महिन्याच्या पत्रात मी लिहिलं होतं, शेजारी चांगले आहेत आणि डुकरी व्याली.

आता परवाचं.

दुपार कलली तसं दरीतून धुकं वर आलं. इथलं धुकं पायऱ्या चढल्यासारखं येतं. आधी ओढा जातो, मग मका, मग गोठा, मग फाटक. खिडकीत नुसती राखाडी भिंत उरली. मी दिवा लावला आणि लिहिलं, ‘तेव्हा ताई, मागचा पुढचा विचार न करता निघा.’ शाई वाळवायला फुंकर मारली.

बाहेर टाळी वाजली.

“दादा, कोणीतरी टाळ्या वाजवतंय,” बेत्ता म्हणाली.

“वारा आहे.”

“वाऱ्याला हात असतात?”

पुन्हा वाजली. जोरात नाही. ओल्या हातांनी वाजवावी तशी, दबकी, सावकाश. रागावलेल्या माणसाची टाळी वेगळी असते. ही तशी नव्हती. जिला घाई नाही, जिला उभं राहायची सवय झाली आहे, तिची होती.

“फिर्मीनोकाका असेल,” बेत्ता म्हणाली.

फिर्मीनो टाळीबरोबर नेहमी काहीतरी चेष्टा ओरडतो. हे मला माहीत होतं, पण मी मान हलवली. माझा हात आपोआप दिव्याकडे गेला. काच उचलली. फुंकर मारायला गाल फुगवले… आणि माझी मलाच अशी लाज वाटली, की कान तापले. बेत्ता पाहत होती. मी काच परत ठेवली.

दार उघडलं. धुकं उंबऱ्यापर्यंत होतं. फाटक दिसत नव्हतं. भिजलेल्या लोकरीचा आणि जुन्या धुराचा वास आला. आपली चूल माझ्या पाठीमागे होती, आणि धुराचा वास मात्र समोरून येत होता.

पुन्हा टाळी.

तुला माहीत आहे, मला चारचौघांत आवाज काढता येत नाही. चर्चमध्येसुद्धा मी नुसते ओठ हलवतो. इथल्या भाषेत ‘या’ हा एवढासा शब्द आहे. तो माझ्या घशातून दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा आला. “या,” मी म्हणालो. “आत या.”

कोणी आलं नाही. फाटक वाजलं नाही. पाऊल नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग दार लावून घेतलं.

वळलो तर बेत्ता चुलीजवळच्या बाकाच्या टोकाला सरकून बसली होती. बाकी बाक मोकळा होता.

“का सरकलीस?”

“जागा नव्हती,” ती म्हणाली आणि बी सोलायला लागली.

मी तिला आणखी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. बाकाची मधली फळी हळूहळू काळी पडत होती, ओलं कापड ठेवल्यासारखी.

फिर्मीनोनं मला पाहुणचार शिकवला आहे. भोपळ्याच्या पात्रात ‘माते’ नावाच्या इथल्या झाडाचा कडू पाला, वर गरम पाणी, आणि चोखायला धातूची नळी. पहिलं पात्र यजमानानं स्वतः प्यायचं, कारण ते फार कडू असतं. मग पाहुण्याला द्यायचं. रिकामं होऊन परत आलं की पुन्हा भरायचं. पाहुणा ‘आभारी आहे’ म्हणेपर्यंत भरत राहायचं. तो शब्द म्हणजे आता पुरे. तो ऐकल्याशिवाय थांबलं तर पाहुण्याला हाकलल्यासारखं होतं.

मी किटली चुलीवर ठेवली. पहिलं पात्र मी प्यायलो. दुसरं भरलं आणि बाकावर ठेवलं, त्या ओल्या फळीच्या कडेला. लाकूड घ्यायला वळलो. पाठीमागे पाणी संपताना नळी खुळखुळते ना, तसा आवाज आला.

पात्र रिकामं होतं. पाला कोमट होता. नळीचं टोक बर्फासारखं.

मी भरलं. पुन्हा ठेवलं. या वेळी वळलो नाही, पण बघवेना म्हणून डोळे मिटले. आवाज आला. भरलं. बेत्ताचे डोळे पेंगत होते. घरात दोनच आवाज होते, किटलीचा आणि नळीचा.

“बेत्ता,” मी हळूच विचारलं, “आमची चूक झाली… हे इथल्या भाषेत कसं म्हणतात?” ती फिर्मीनोच्या पोरांत खेळते, तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

“कोणाला म्हणायचंय?”

“मोठ्या माणसाला.”

तिनं सांगितलं. मी बाकाकडे तोंड करून ते म्हणालो. नळीचा आवाज मध्येच थांबला.

ताई, तेवढी शांतता मी कधी ऐकली नाही. किटलीसुद्धा उकळायची थांबली असं वाटलं. मी वाट पाहिली. काहीही चालेल, शिवीसुद्धा चालेल, असं वाटत होतं… मग नळी पुन्हा वाजायला लागली. आधीसारखीच, सावकाश.

मी भरत राहिलो.

किटलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं तेव्हा बाहेरून पुन्हा टाळ्या वाजल्या. या कोरड्या, जाड हातांच्या होत्या. आणि आवाज आला, इथल्या भाषेत, घाबरत घाबरत: “घरात कोणी आहे का?”

तो बाबांचा आवाज होता.

मी दारात गेलो. “बाबा? तुम्ही आहात? या ना आत!”

धुक्यातून दोघं आली. आईच्या हातात कलेजीचं भांडं होतं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“किती वेळ टाळ्या वाजवतोय,” बाबा म्हणाले. “बहिरा झालास काय?”

“स्वतःच्या फाटकाशी टाळ्या कशाला वाजवल्या?”

बाबांनी आईकडे पाहिलं. “पाय उचलेना रे,” ते म्हणाले. “आपल्याच फाटकाशी. हिचाही उचलेना. वाटलं, आधी विचारावं.” मग अगदी हलक्या आवाजात, “पाहुणी कोण आलीय?”

“कोणी नाही.”

“खिडकीतून पाठ दिसली.”

बेत्ता बाकाच्या टोकाला झोपून गेली होती. आईनं तिला उचललं, आणि दमलेली असूनही ती बाकावर टेकली नाही. बाबा आपल्या खुर्चीवर बसले नाहीत. लाकडांच्या ढिगावर बसले, परक्याच्या घरी बसावं तसे, गुडघे जवळ घेऊन. त्यांच्या बाह्यांना डुकराचं रक्त होतं. त्यांनी बाकावरचं पात्र पाहिलं. आवाज त्यांनीही ऐकला असणार, कारण त्यांची मान खाली गेली.

“‘आभारी आहे’ म्हटलं का तिनं?” असं काही ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “पत्र पुरं झालं?”

“एकच ओळ ठेवायची की खोडायची, ते राहिलंय. त्यांनी निघावं की नाही, ती.”

“ती तर मी सांगितली होती.”

“हो.”

बाबा बराच वेळ चुलीच्या दगडांकडे पाहत राहिले. “ओलीवाच्या तुकड्यावर,” ते म्हणाले, “जंगलात आत, झऱ्यापाशी… मी लाकूड बघायला गेलो होतो. तिथंही दगड मांडलेले आहेत.”

“चुलीचे?”

“काळे झालेले.”

आई म्हणाली, “आणि मला आज सांगताय?”

“काय सांगणार होतो, बये?” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. त्यांना रडताना मी आधी एकदाच पाहिलं होतं, बोटीवर आपला लहानगा गेला तेव्हा. परवा दुसऱ्यांदा. ते बूट न काढता झोपायला गेले. मी किटलीतलं उरलेलं पाणी पात्रात ओतलं, विहिरीवर जाऊन पुन्हा किटली भरली आणि चुलीवर ठेवली. तो शब्द काही आला नाही.

म्हणून बाबांचं पत्र मी खेचरवाल्याला दिलं नाही. त्याला म्हटलं, पुढच्या फेरीला देतो. तो म्हणाला, “काय, प्रेमपत्र आहे काय रे? एवढं काय अडलंय?” मी लाल झालो आणि हसलो. हे पत्र त्या ऐवजी आहे. बाबांना माहीत आहे. त्यांनी नको म्हटलं नाही. ताई, गाय विकू नकोस. घर विकू नकोस. इथला मका खरंच उंच होतो, त्यात खोटं नाही. पण तुझ्या पोरांनी कोणाच्या चुलीभोवती भिंती बांधू नयेत.

तरी मला वाटलं, आधी खात्री करावी. कदाचित ते दगड नुसतेच दगड असतील. कदाचित तिथे कधी कोणी नव्हतं, आणि तुम्हाला यायला काही हरकत नसेल. मला तुम्ही यायला हवे आहात, ते तुला माहीत आहे. तेव्हा काल सकाळी खेचरवाला गेल्यावर मी तुझ्या तुकड्यापर्यंत गेलो. ऊन चांगलं पडलं होतं, धुकं नव्हतं. तिथे कुंपण नाही, फाटक नाही, घर नाही. नुसते पाइन, एकाला एक लागून, आणि खाली अंधार. मी जंगलाच्या कडेला उभा राहिलो आणि टाळी वाजवली. उत्तर येऊ नये म्हणून मनात देवाचं नाव घेत होतो.

आतून, झऱ्याच्या बाजूनं, एका पुरुषाचा आवाज आला. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, पण चांगल्या मनाचा. “या की,” तो म्हणाला.

मी “आलो” म्हणालो, आणि घराकडे पळालो.