गुरुवारी न लागणारा दिवा

“माझ्या बाबांच्या जिवावर कोणीतरी उठलंय,” पाहुणी म्हणाली. “आणि हत्यार म्हणजे आमच्या गाडीतला एक पिवळा दिवा.”

भाऊजींनी वहीतून मान वर केली. सर्वेबाईंचं लक्ष मात्र पाहुणीच्या कोटाकडे होतं. सकाळचे साडेनऊ, बाहेर ऊन रणरणतंय, आणि ही जाडजूड कापसाच्या कोटात घामाघूम होऊन बसली होती.

सर्वेबाईंनी बावीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्यांचे सर्वे केले होते, म्हणून हे नाव. आता त्या खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला धाकटे दीर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. भाऊजींचं अक्षर मोत्यासारखं, वहीत ते सगळं टिपत. नेमकं कामाचं तेवढंच राहून जाई.

“पहिल्यापासून सांगा,” बाई म्हणाल्या.

“बाबांना डायलिसिस लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. गुरुवारी भाऊ नेतो, बाकी दोन दिवस मी. गेल्या सात आठवड्यांत सहा वेळा असं झालं की निघायला म्हणून चावी फिरवली आणि इंजिनाचा दिवा लागला तो विझेचना. आजही तेच. मग टॅक्सीसाठी धावाधाव. दोनदा इतका उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला देऊन टाकलं होतं. बाबा तीन-तीन तास ताटकळले, पाय सुजले.”

“दिवा लुकलुकतो की नुसता पेटून राहतो?”

“नुसता पेटतो. लुकलुकला तर गाडी तिथल्या तिथे थांबवायची, नुसता पेटला तर चालते पण लवकर दाखवून घ्यायची, इतकं मला कळतं. पण बाबा बोटींवर इंजिन फिटर होते. गाडी शिकवताना त्यांनी बजावलं होतं, दिवा असताना लांबच्या रस्त्याला लागायचं नाही. मी तो नियम कधी मोडलेला नाही.”

“आणि गुरुवारी?”

“गुरुवारी एकदाही लागला नाही.” तिचा आवाज खाली आला. “आज भावाने निक्षून सांगितलं. या गाडीचा भरवसा नाही, सोमवारी बाबांना हॉस्पिटलजवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. बाई, बाबा तिथे चार महिने काढायचे नाहीत. माझ्या हातात आज आणि उद्या, दोनच दिवस आहेत.”

भाऊजींनी वहीत ‘भाऊ’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

टॅक्सीतून तिच्या घरी जाताना ती गाडीच्या किल्ल्यांबद्दल सांगत होती. एक तिच्याकडे, एक भावाकडे, आणि तिसरी... इथे तिची मान कलली. गतिरोधकावर गाडी उडाली तशी ती दचकून म्हणाली, “बाबांच्या खोलीत, खिळ्याला.” जणू मध्ये काही झालंच नव्हतं. बिचारी काळजीने खंगलीय, भाऊजींच्या मनात आलं.

घरासमोर लाकडाची वखार होती. करवतीचा भुसा वाऱ्यावर उडून अंगणभर बसे, गाडीवरही त्याचा पातळ थर होता. बाई आधी गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, एक उथळ ओरखडा लांबच लांब गेला होता.

“हा कधीचा?”

“दिवा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारचा. येताना कुत्रा आडवा आला, कठड्याला घासली.”

बाई बॉनेटपाशी वाकल्या. भुशाचा थर सगळीकडे सारखा, फक्त पुढच्या कडेला मधोमध पंजाएवढी जागा पुसलेली.

“आज तुम्ही हे उघडलंत?”

“हातसुद्धा लावला नाही. दिवा पाहिला आणि भावाला फोन केला. तो टॅक्सी घेऊन आला.”

“भाऊजी, तुम्ही बॉनेट कसं उचलता?”

“दोन्ही हातांनी,” भाऊजी म्हणाले. “कंबर सांभाळून.”

बाई नुसत्या हसल्या. भाऊजींनी ‘कंबर’ असं लिहून ठेवलं.

दर वेळी दिवा घालवून देणारा गॅरेजवाला तपासायचं यंत्र घेऊन आला. आपल्यावरही संशय आहे असं वाटून तो घुश्शातच होता. त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि पडदा बाईंपुढे धरला.

“हा बघा. सहाही वेळा हाच कोड. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग निघालेला. लावला, कोड पुसला, दिवा गेला. एका मिनिटाचं काम. एवढ्यासाठी मी लोकांच्या अंगणात चोरासारखा शिरेन?”

“धक्क्याने निघत असेल?”

“खिट्टी दाबल्याशिवाय निघतच नाही. अनाडी माणूस ओढून तोडेल. ही खिट्टी अजून नव्यासारखी आहे.”

“आणि एखाद्याला गाडी खरंच घातक करायची असेल तर?”

“मग ब्रेकचा पाइप आहे की. हा प्लग काढल्याने दिवा लागतो, इंजिन जरा अडखळतं. बाकी गाडीला ढिम्म काही होत नाही.”

दोन वाजता दुसरी टॅक्सी आली. भावाने वडिलांना धरून उतरवलं, खुर्चीत बसवलं आणि डाव्या हाताखाली उशी सरकवली. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे लख्ख होते. सुनेने धाडलेलं सूप त्याने उजव्या हाताने, सावकाश प्यायलं.

“हात दुखतोय का?” भाऊजींनी विचारलं.

“सुया त्याच हातात घालतात,” भाऊ म्हणाला. “त्या हाताने काही उचलायचं नाही, अशी ताकीद आहे.” मग तो बाईंकडे वळला. “ताईने तुम्हाला माझ्यावर सोडलंय ना? हो, मला बाबांना तिकडे ठेवायचंय. या खेपा घालून ते झिजतात आणि हीसुद्धा झिजते. पण दिवा मी लावत असतो तर गुरुवारीही लावला असता. स्वतःच्याच अंगावर संशय ओढून घ्यायला मी काही दूधखुळा नाही.”

“हे मात्र पटतं,” बाई म्हणाल्या. “आणि आजोबा, तुम्हाला काय वाटतं?”

“जुनी गाडी आहे,” म्हातारा म्हणाला. “तिचाही जीव थकतो. तिला कोणी विचारत नाही, एवढंच.”

बाई स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. भाऊजी डोकावले तर त्या भिंतीवरचे कागद वाचत होत्या. एक औषधांच्या वेळांचा, दुसरा शीतगृहाचा शिक्का असलेला लेकीच्या पाळ्यांचा तक्ता.

“वहिनी, औषधात काही काळंबेरं आहे का?”

“औषधं बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या. “चला, सगळ्यांना चहाला बसवा.”

चार वाजता सगळे बसले. गॅरेजवाला दाराशी उभा राहिला. लेकीने अजून कोट काढला नव्हता.

“दिवा गुरुवारी लागत नाही, म्हणून सगळ्यांनी भावाकडे पाहिलं,” बाईंनी सुरुवात केली. “पण मंगळवार-शनिवार मिळून सात आठवड्यांत चौदा दिवस होतात. दिवा लागला सहा वेळा. उरलेले आठ दिवस तो का गप्प बसला, हे कोणी विचारलं नाही. ताई, तुमच्या पाळ्यांच्या तक्त्यात ते सहा दिवस मी शोधले. सहाही वेळा आदल्या रात्री तुम्ही कामावर होतात. आजही शीतगृहातून तशाच आलात. कोट अजून अंगावर आहे.”

लेकीने कोटाकडे पाहिलं.

“म्हणजे दिवा लावणाऱ्याला तुमच्या पाळ्या पाठ आहेत. त्याला खिट्टी दाबून प्लग काढता येतो. गाडीला इजा करायची नाही, हेही त्याने ठरवलंय. तो बॉनेट एकाच हाताने उचलतो, कारण दुसऱ्या हाताने उचलायची त्याला मनाई आहे. त्याच्या खोलीत किल्ली आहे. आणि दिवा दिसला की तुम्ही गाडी काढणार नाही, याची त्याला पक्की खात्री आहे, कारण तो नियम त्यानेच तुम्हाला शिकवलाय.”

भाऊजींची पेन्सिल थांबली. उशीवरच्या हाताकडे आता सगळेच पाहत होते.

“बाबा?” लेक म्हणाली. “तुम्हाला डायलिसिस नको झालंय का? तसं असेल तर...”

“तसं नाही ते,” बाई म्हणाल्या. “त्यांना जायचं होतं. फक्त गाडी तुम्ही चालवायला नको होती. मी आयुष्यभर ओरखडे पाहिलेत, ताई. कुत्रा आडवा आला की माणूस स्टिअरिंग झटकन फिरवतो, तेव्हा पत्रा एका जागी खोल दबतो. तुमच्या गाडीचा ओरखडा लांब आणि उथळ आहे. गाडी हळूहळू कडेला सरकत गेली आणि तिला कोणी आवरलं नाही. आजही टॅक्सीत बोलता बोलता तुम्ही झोपलात. तुमच्या लक्षातही आलं नाही.”

लेकीच्या हातात अजून बशी होती. तिने ती खाली ठेवली.

“कुत्रा नव्हता,” ती म्हणाली. “मला वाटलं, बाबा मागे झोपलेत. त्यांनी पाहिलं नाही.”

“मी सात आकडे मोजले,” म्हातारा म्हणाला. “सात आकडे तुझे डोळे मिटलेले होते. ओरडलो तर दचकून तू स्टिअरिंग फिरवशील, म्हणून हाक मारली नाही. मग कठडा लागला आणि तू जागी झालीस. माझं काय, मी पिकलं पान आहे. पण तू?”

“मग मला बोलायचं ना, बाबा.”

“बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मी ठीक आहे. चार वर्षं तू तेवढंच म्हणतेयस. आणि याला सांगावं,” त्याने मुलाकडे पाहिलं, “तर हा म्हणाला असता, बघ, तुला झेपत नाही, बाबांना पाठवून देऊ. तू हरली असतीस. मला तुमच्यात कोणाला हरवायचं नव्हतं. इंजिनं तेवढी मला कळतात, म्हणून इंजिनालाच पुढे केलं.”

“मशीन हातचं गेलं तेव्हा तुमचे पाय किती सुजले होते.”

“पाय सुजले, उतरले. त्यांचं काय एवढं.”

लेक उठली आणि वडिलांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडली. गॅरेजवाला उगाच अंगणात जाऊन उभा राहिला. भाऊने खुर्ची ओढून तिच्याजवळ आणली. मग म्हणाला, “मी नुसता वृद्धाश्रम-वृद्धाश्रम करत बसलो. आठवड्यात आणखी दोन दिवस गाडी चालवावी, हे काही मला सुचलं नाही. ताई, तुझ्या रात्रपाळीनंतरचे दिवस माझे. सोमवारचं जाऊ दे.”

“आणि मी?” लेकीने विचारलं.

“तू झोप,” म्हातारा म्हणाला.

सोमवारी तिची रात्रपाळी होती. मंगळवारी सकाळी ती घरी झोपायला तयार होईना. शेवटी भावाने गाडी काढली आणि ती मागे वडिलांशेजारी बसली. वखारीचं वळण यायच्या आतच तिचं डोकं वडिलांच्या उजव्या खांद्यावर आलं. चाळीस किलोमीटर म्हातारा इकडचा तिकडे हलला नाही.

हॉस्पिटलच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा ती गाढ झोपेत होती. भाऊ हाक मारणार, तोच वडिलांनी त्याला थांबवलं.

“तिला उठवू नकोस,” ते हळूच म्हणाले. “सावलीत लाव गाडी आणि तिच्याजवळ थांब. आत मी एकटा जातो.”