कोनाड्यातला कवी

दार पुन्हा वाजलं, तेव्हा मी बादली उचलली आणि कोण आहे हे न बघताच पाणी फेकलं. नारिंगीच्या बहराचे दिवस म्हणजे शिराझमध्ये पाहुण्यांचे दिवस, आणि आमच्या घरात पूर्वी कवी राहायचा असं सगळं गाव मानायचं. लोक यायचे, भिंतींवर नावं कोरायचे, फुलं ओरबाडून न्यायचे. माझं डोकं तापलेलं असायचं.

दारात एक उंच तरुण निथळत उभा होता. पापण्यांवरून पाणी गळत होतं, आणि तो... हसत होता.

"कवीच्या घरी पाहुण्यांना आंघोळ घालतात वाटतं?"

"न बोलावता आलेल्यांना."

"मग उद्या साबण घेऊन येतो."

मी दार लोटणार, तेवढ्यात बाबांनी त्याला आत घेतलं. सियामक त्याचं नाव. इस्फहानचा. जुन्या इमारतींचा अभ्यास करतो म्हणाला. बाबा खूश झाले. कवी ज्या कोनाड्यात दिवा ठेवून लिहायचा तो त्याला दाखवला. आई गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी त्या कोनाड्याशी बसून कवीशी बोलायचे. मोठ्याने, अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसे.

सियामक रोज येऊ लागला. भिंती खरवडायचा, विटा मोजायचा, माझी बोलणी खायचा. चहा कडू करून दिला तरी संपवायचा. "तुमच्या रागाची सवय लागली, तर इस्फहानला करमायचं नाही," असं एकदा कपात बघतच म्हणाला. मी कप हिसकावून घेतला... आणि आत जाऊन उगीचच धूत बसले.

मग एका दुपारी, कवी जिथे बसायचा म्हणतात त्या झऱ्याकाठी, त्याने सगळं सांगितलं. त्याला सरकारी खात्याने पाठवलं होतं. घर कवीचं ठरलं की तिथे संग्रहालय होणार, आम्हाला बाहेर पडावं लागणार.

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"आज खात्री झाली. महवश, ते घर कवीचं नाही. तो गेल्यावर चारेकशे वर्षांनी बांधलंय."

म्हणजे घर राहणार होतं, फक्त कवी जाणार होता. मी त्याला बजावलं — अहवालात काय हवं ते लिहा, बाबांना कळू देऊ नका. तो म्हणाला, त्यांच्या घरचा चहा प्यालोय, त्यांना हे परक्याकडून कळू देणार नाही. झऱ्यापासून घरापर्यंत मी त्याच्या दहा पावलं पुढे चालले.

त्याने बाबांना सांगितलंच. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि बोटाने दार दाखवलं. आजवर कुठल्याच पाहुण्याला त्यांनी असं घालवलं नव्हतं. सियामक मान खाली घालून, बूटही न घालता निघून गेला.

बाबा कोनाड्यासमोर बसले.

"मग इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होतो गं?"

"आईशी, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी कोनाड्यातल्या दिव्याची काच पुसायला घेतली.

मी सियामकचे बूट उचलले आणि धावतच सुटले. तो गल्लीच्या टोकाला, रोटीच्या भट्टीशेजारच्या कट्ट्यावर नुसत्या मोज्यांनी बसला होता. मी एक बूट नेम धरून फेकला. खांद्याला लागला.

"बाबा तुमच्याशी बोलणार नाहीत. मीही बोलणार नाहीये."

"आत्ता बोलताय."

"भांडतेय."

"मी खोटं लिहायला हवं होतं का?"

"नाही." ते कबूल करतानाही संताप येत होता. "पण मला आधी सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी. मी रोज तुमची वाट बघायला लागण्याआधी..."

तोंडून निघून गेलं. भट्टीवाला रोट्या काढायचा थांबला होता, आणि सियामक — तो या वेळी हसला नाही.

"मी अजून पुष्कळ रागावणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही इस्फहानला गेलात, तर मी भांडू कोणाशी?"

त्याने हळूच एक बूट पायात चढवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

मी दिला नाही.