यंत्राच्या दोन चुका

"माझं यंत्र खोटं बोलत नाही," ती दारातूनच म्हणाली, "आणि काल ते सगळ्यांसमोर दोनदा खोटं बोललं."

तिने टेबलावर एक लांब दांडा आडवा ठेवला. त्याच्या एका टोकाला ताटाएवढी चपटी चकती होती, दुसऱ्या टोकाला मूठ आणि छोटा पडदा. भाऊजींनी घाईघाईने चहाचे कप उचलले.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वाद्यं सुरात लावून देणं हा त्यांचा धंदा, आणि चौकशीच्या कामात वहिनींच्या मागे पिशवी घेऊन हिंडणं ही हौस. आपली अक्कल बेताची आहे हे ते स्वतःच सांगत. अक्कल बघायची असेल तर आमच्या वहिनींकडे बघा, असंही लगेच सांगत.

"बसा, आणि पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

ती इंजिनिअर होती. नोकरी सोडून सहा वर्षं तिने हे एकच यंत्र घडवलं होतं, जमिनीत दडलेला धातू शोधणारं.

"साधं यंत्र खाऱ्या पाण्यात वेडं होतं, मावशी. ओलं मीठच त्याला धातूसारखं भासतं. आणि गंजक्या लोखंडाचा कचरा असेल तिथे खिळ्यांच्या कलकलाटात सोन्याचा आवाज बुडून जातो. माझं यंत्र मिठाला फसत नाही. लोखंड आलं तर नुसतं गुरगुरतं. सोनं आलं तर गातं."

"गातं?" भाऊजींनी कान टवकारले.

तिने चकती दाराच्या किल्ल्यांवरून फिरवली. यंत्र घशातल्या घशात गुरगुरलं. मग ती वहिनींच्या कानातल्याजवळ नेली, आणि एक स्वच्छ, लांब सूर खोलीभर पसरला.

"वा!" भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. "काय लागलाय हो! मी आयुष्यभर वाद्यांच्या खुंट्या पिळतोय, पण इतका निर्मळ सूर क्वचित ऐकला."

"प्रत्येक दागिन्याचा सूर वेगळा," ती पहिल्यांदाच हसली. "जाडी, आकार, कस, सगळ्यावर ठरतो."

मग तिने कालची हकिगत सांगितली. बुडालेल्या जहाजांतला माल वर काढणारी एक कंपनी हे यंत्र घ्यायला तयार होती. तिचा परीक्षक आला होता. सकाळी परीक्षा समुद्राच्या ओल्या वाळूत, दुपारी जुनी जहाजं तोडतात त्या भंगाराच्या आवारात. तिथे पावलागणिक गंजके खिळे.

"परीक्षक म्हणाला, तुमच्या वस्तू नकोत, यंत्र त्यांना सरावलेलं असेल. दुसऱ्या कुणाचं सोनं द्या. सगळ्यांच्या नजरा काकांच्या करंगळीकडे गेल्या."

काका म्हणजे तिच्या वडिलांचे मित्र, जन्मभर पाणबुड्याचं काम केलेले. परीक्षकाला इथवर आणलं तेही त्यांनीच. अंगठी त्यांच्या दिवंगत बायकोची होती.

"टेबलावर अंगठी सुरेख वाजली. मग मी पाठ फिरवून उभी राहिले. काकांनी ती वाळूत पुरली, परीक्षकाने पाय देऊन जागा सपाट केली, आणि पाणी वर येईपर्यंत त्या आवाराच्या मालकाने, भंगारवाल्याने, तिथे राखण केली. मी सगळा पट्टा पिंजून काढला. यंत्र गप्प! शेवटी वाळू उपसली, तर अंगठी नाही. परीक्षक म्हणाला, लाटेने खोल नेली, तुमचं यंत्र तिथवर पोचत नाही."

"कुणी उचलली असेल तर?"

"आमच्यात नियमच आहे, यंत्राजवळ येणाऱ्याने अंगावरचा धातू उतरवून ठेवायचा. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, सगळं डब्यात. बूटसुद्धा रबरी, खिळा नसलेले. नंतर सगळ्यांनी खिसे उलटे करून दाखवले. काही नव्हतं."

"आणि दुपारी?"

"दुपारी उलटंच. भंगारात तीन ठिकाणी सोन्याचा सूर लागला. तिन्ही ठिकाणी काकांनी खणलं. नुसते खिळे! आणि खणायला माणूस जागचा हलला की सूर गायब. मिठात मुकं आणि लोखंडात खोटारडं, असं परीक्षक तोंडावर म्हणाला. आज संध्याकाळी त्याचा अहवाल जाईल. एकदा नापासाचा शिक्का बसला की मला कुणी दारात उभं करणार नाही, मावशी."

वहिनींनी चष्मा पुसला. "भाऊजी, पिशवी घ्या."

परीक्षक लॉजच्या खोलीत अहवालच लिहीत बसला होता. माणूस सरळ, पण वाळल्या लाकडासारखा.

"कंपनीचं सध्याचं यंत्र मीच निवडलं होतं, हे तुम्हाला कळणारच," तो म्हणाला. "म्हणून मी अंगठी ढापली असं वाटत असेल तर माझी बॅग तपासा. हे बघा, मी सगळं चित्रित केलंय."

त्याने मोबाइल पुढे केला. टेबलावर अंगठी, वर चकती, आणि लांब सूर. भाऊजी नकळत सुरात सूर मिसळून गुणगुणले. पुढे भंगाराचं आवार आलं. इंजिनिअर चकती फिरवत होती, शेजारी काका फावड्यावर रेलून, एक पाय उचलून उभे होते. सूर लागला. भाऊजी पुन्हा गुणगुणले.

"भाऊजी, तुमची गाडी एकाच सुरावर अडलीय," वहिनी म्हणाल्या.

"मी काय करू? ते यंत्रच एकावर अडलंय."

वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की आपलं काय चुकलं ते भाऊजींना कळेना.

भंगारवाला तर त्यांना बघताच उसळला. "मी चोर? माझ्या आवारात जहाजभर पितळ पडलंय बाई, मी अंगठी कशाला चोरू? हां, ते यंत्र नापास झालं याचा आनंद आहे मला. चाललं असतं तर उद्या गल्लीतली पोरं माझं पितळ वेचायला आली असती! मी तिथे फक्त उभा होतो. वाकलो असतो तर परीक्षकाने पाहिलंच असतं."

"आणि काका?"

"म्हातारा बिचारा लंगडत लंगडत खणत होता. मी म्हटलं, फावडं मला द्या. ऐकेचना. पोरीवर जीव आहे त्यांचा."

काकांचं घर किनाऱ्यालाच लागून होतं. ओहोटी लागली होती, आणि खिडकीतून कालचा वाळूचा पट्टा पूर्ण उघडा पडलेला दिसत होता. त्यावर चिटपाखरू नव्हतं. दाराशी रबरी बूट होते, टाचेला ठिगळावर ठिगळ लावलेले. भाऊजींना ते ओलांडताना ठेच लागली.

काका स्लिपर घालून बसले होते. उजव्या पायाच्या तळव्याला पट्टी होती.

"काय झालं पायाला?"

"नवे बूट. चावले."

त्यांनी एका हाताने चहा ओतला. दुसरा हात खिशातून बाहेर आला नाही. "पोलिसांत वगैरे जायचं नाही," ते म्हणाले. "गेलं ते गेलं. फक्त पोरीचं नुकसान व्हायला नको." एवढं बोलून ते त्याच एका हाताने कप विसळायला उठले.

बाहेर आल्यावर भाऊजी हळहळले. "किती मोठं मन! मी असतो तर रडून आकाशपाताळ एक केलं असतं."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तरी वाळू चाळायला गेला असतात."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना त्याच किनाऱ्यावर बोलावलं. परीक्षकाच्या हातात अहवाल होता, भंगारवाल्याच्या कपाळावर आठ्या, आणि इंजिनिअरच्या खांद्यावर यंत्र. काका सगळ्यांच्या मागे उभे होते.

"यंत्राने काल दोन चुका केल्या," वहिनींनी सुरुवात केली. "बोलायचं तिथे गप्प राहिलं, आणि गप्प बसायचं तिथे बोललं. आपण दोन चुकांची दोन कारणं शोधत बसलो. मी म्हटलं, यंत्र खरं मानून बघू. सकाळी ते गप्प होतं, कारण वाळूत अंगठी नव्हती. दुपारी ते गायलं, कारण भंगारात अंगठी होती."

"माझ्या आवारात?" भंगारवाला ओरडला.

"आवारात चालत आली, चालत गेली. खिळ्यांतून तीनदा नेमका अंगठीचाच सूर निघेल कसा? तोच सूर होता, हे आमच्या भाऊजींनी गाऊन दाखवलं."

"मी?" भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच. आणि खणणारा जागचा हलला की सूर बंद, म्हणजे सोनं जमिनीत नव्हतं, खणणाऱ्याजवळ होतं. पण त्याचे खिसे तर रिकामे. मग उरलं काय? रबरी बूट! त्यात धातू नसतो, हे तुम्हा सगळ्यांना इतकं पाठ होतं की त्यात कुणी डोकावलंच नाही."

"म्हणजे काखेत कळसा!" भाऊजींनी कपाळावर हात मारला.

"चावणारे नवे बूट दाराशी ठिगळं लावून बसले होते, काका. आणि ज्याच्या बायकोची आठवण वाळूत हरवली, तो माणूस ओहोटी लागलेली असताना घरात चहा ओतत बसत नाही." वहिनींचा आवाज मऊ झाला. "तो हात आता बाहेर काढा. कालपासून मूठ आवळून दुखला असेल."

काकांनी हात बाहेर काढला. तळव्यावर अंगठी होती.

"सगळं आयुष्य या पाण्यात गेलं माझं," ते इंजिनिअरकडे न बघता बोलू लागले. "वाळूने घेतलेलं परत आलेलं फार थोडं पाहिलंय. सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही, आणि बोटं काही सुटेनात. खड्डा बुजवता बुजवता बुटात टाकली. म्हटलं, एक वस्तू सापडली नाही तर काय बिघडतं, दुपारी पोरगी बाजी मारेल. मग दुपारीही... ते माझ्यामुळे, हे आत्ता कळतंय मला. तुझ्यासाठी साऱ्या कंपनीशी भांडलो, पोरी, आणि विश्वास मात्र मीच ठेवला नाही."

तिला राग आला होता; तो तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. तिने खांद्यावरचं यंत्र खाली घेतलं.

"मिठात वाजलेली अजून मी पाहिलेली नाही," परीक्षक कोरडेपणाने म्हणाला. पण अहवाल त्याने घडी करून खिशात घातला.

"पाठ फिरव," काका तिला म्हणाले.

ते लंगडत ओल्या वाळूत गेले, गुडघ्यावर बसले आणि या वेळी सगळ्यांना दिसेल अशी अंगठी वर धरून त्यांनी ती खोल पुरली. परीक्षकाने जागा सपाट केली. लाट आली, गेली, पुन्हा आली. काका लाटेकडे पाठ करून अनवाणी उभे राहिले. भाऊजींना त्या माणसाचं मघाशी कौतुक वाटलं होतं त्याहून आता जास्त वाटलं.

ती घोटाभर पाण्यात शिरली. चकती डावीकडून उजवीकडे सरकत राहिली. मीठ, वाळू, लाट, आणि सगळीकडे शांतता. मग पाण्याखालून तो सूर उठला, लांब आणि निर्मळ, काल टेबलावर लागला होता अगदी तसा.

परीक्षक फावडं घेऊन पुढे धावला. तिने त्याला हाताने थांबवलं.

"काकांना खणू द्या," ती म्हणाली.