टिकलीची साक्ष

थंडी इतकी होती, की सकाळी येताना गाडीच्या काचा सारख्या धुरकटत होत्या. ड्रायव्हर बाहीने काच पुसत म्हणाला होता, "मास्तर, तुम्ही दोघं जरा श्वास कमी घ्या, मला रस्ता दिसू द्या." मागे टिकली जीभ बाहेर काढून बसली होती.

टिकली शोधपथकातली कुत्री, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिला शिकवणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणत. तिचा कारभार सरळ होता: ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस असेल तर भुंकायचं, मेलेला असेल तर गुपचूप बसायचं. आजवर ती चुकली नव्हती, आणि मास्तर हे पोटच्या पोरीचं कौतुक सांगावं तसं सांगत.

आज कोसळलेल्या कारखान्यावर ती नुसती बसतच होती. दुपारनंतर तिची शेपूट खाली गेली, पाऊल उचलेना. दोरीपलीकडे एक सुतार उभा होता. त्याची बायको अजून आत होती.

अशा वेळी पथकात एक रीत होती. आपल्यातलाच एक जण लपायचा. टिकली त्याला हुडकून भुंकायची, शाबासकी मिळाली की तिला हुरूप यायचा. लपायचं काम ड्रायव्हरचं. "मी जिवंत असल्याचा दाखला ही एकटीच देते," असं म्हणत तो एका कलत्या स्लॅबखाली शिरला.

आत काहीतरी धप्पकन खाली आलं. धूळ उडाली.

"बरा आहेस ना रे?" मास्तर ओरडले.

"एकदम! पाठवा बाईसाहेबांना."

टिकली धावत गेली, आत डोकावली, आणि गुपचूप बसली.

ड्रायव्हर कपडे झटकत बाहेर आला. ती त्याच्या मागोमाग आली आणि त्याच्या पायाशी पुन्हा बसली. मास्तरांना ते मुळीच आवडलं नाही.

पथकाच्या साहेबांनी मान हलवली. "तिचं नाक कामातून गेलंय, मास्तर. आता ढिगारा उपसायला मशीन लावतो."

"मशीन लागलं तर आत कुणी उरणार नाही. नाक शाबूत आहे तिचं."

"अहो, जित्याजागत्या माणसापुढे बसलीय ती!"

ड्रायव्हर हसला. "साहेब, मला मेलेला धरा हवं तर. पण मशीन थांबवा."

मास्तरांनी साहेबांकडे पाहिलंही नाही. टिकलीचं तोंड ओंजळीत धरून ते म्हणाले, "चल बाळा, अजून एकदा." आणि तिच्याबरोबर स्वतः ढिगाऱ्यावर चढले.

जिन्याच्या कोपऱ्यात टिकली थबकली. कान टवकारले. मग भुंकायला लागली ती थांबेचना.

हातांनीच उकरलं सगळ्यांनी. बाई जिवंत होती. सुतार आधी टिकलीच्या गळ्यात पडला, मग बायकोच्या.

"म्हटलं नव्हतं? ही कधी चुकत नाही!" मास्तर भरल्या डोळ्यांनी ओरडले.

आणि मग त्यांना तिचं ड्रायव्हरपुढचं बसणं आठवलं.

त्यांनी वळून ड्रायव्हरला शोधलं. तो टाळ्या वाजवत होता. मास्तर त्याला म्हणाले, "चल, डॉक्टरला दाखवू."

"मला काय धाड भरलीय?"

"मग घरी चल. गाडी मी चालवतो."

याला घरी पोचवायचंच, एवढंच मास्तरांच्या डोक्यात होतं. ते त्याला बोलतं ठेवत होते, आणि तोही वाटभर बडबडत होता. टिकली मागे बसली होती, त्याच्यावर नजर लावून. मध्येच मास्तर कळवळून म्हणाले, "भुंक की गं."

ती भुंकली नाही.

मास्तरांनी बाहीने आपल्या बाजूची काच पुसली. ती पुन्हा धुरकटली. मागची तर पार पांढरी झाली होती.

ड्रायव्हर आपल्या काचेला नाक लावून बाहेर बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "माझ्या बाजूने किती स्वच्छ दिसतंय बघा."