चोवीस सेकंदांच्या आत

लेलंड चेंडू थांबवायचा, तेव्हा आधी त्याचा डावा खांदा किंचित खाली जायचा. प्रेक्षकांना ते कळत नसे. मला कळायचं, कारण तो खेळायचा त्या सीडर रॅपिड्सच्या बास्केटबॉल संघात सामन्यांचे व्हिडिओ कापून प्रत्येक चालीला नाव देणं हेच माझं काम होतं. धावून केलेली चाल, की थांबून रचलेली.

ओळख मात्र कॉफीच्या यंत्रापाशी झाली. तो बटणं वाचत उभा होता. बराच वेळ.

"डावा खांदा खाली गेलाय," मी मागून म्हणाले. "म्हणजे कॉफीला अजून उशीर आहे."

तो वळला. "अच्छा... मला म्हातारा बैल ठरवणारी इंग्रिड ती तूच!"

"मी फक्त 'संथ' लिहिलंय."

"बैल तुझ्या चेहऱ्यावर लिहिलाय."

मग हिवाळाभर आमचं भांडण चाललं. एका सामन्यात समोर मैदान मोकळं असताना त्याने चेंडू थांबवला. मी 'संधी गेली' असं लिहिलं. तो थेट माझ्या खोलीत आला.

"मागे ओटिसकडे बघ ना. लंगडतोय तो. मी पळालो असतो, तर मागे राहिला म्हणून शिव्या त्यालाच बसल्या असत्या."

मी ती चाल पुन्हा लावली. त्याचा जोडीदार ओटिस खरंच लंगडत होता.

"पण तेवढ्यात समोरचे पाचही जण आपापल्या जागी आले," मी म्हणाले. "आणि तुझा नेम चुकला."

"चुकला. पण तू ते परत पाहिलंस. ओटिससाठी, की माझ्यासाठी?"

"ओटिससाठी." हे खोटं होतं.

फेब्रुवारीत दूरच्या पोर्टलंडच्या संघाने मला कामाला बोलावलं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. लेलंडला सांगितलं, तर म्हणाला, "चांगला संघ आहे. पळत खेळतात." बस्स, एवढंच. त्याच्या संथपणाला नावं ठेवणारी मी... मीही पुढे काही विचारलं नाही.

शुक्रवारी सरावानंतर बाहेर आले. तो माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता, कोपऱ्यापासून, व्यवस्थित.

"मी होकार कळवलाय," मी म्हणाले. "सकाळीच."

त्याचा हात थांबला. "मला विचारायचं तरी—"

"तू काहीतरी बोलशील म्हणून आठवडाभर वाट पाहिली. चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकावा लागतो, लेलंड. नाही टाकला, तर तो समोरच्यांचा होतो."

तो हसला नाही. त्याच्या भुवयांवर बर्फाचे कण जमले होते. मी गाडीची किल्ली काढली, पण दार उघडलं नाही.

"खेळणं सोडायचं तीन हंगाम मनात आहे," तो शेवटी म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही... आईलाही नाही. उन्हाळ्यात करार संपला की मी पुन्हा सही करणार नाही. शाळेतल्या मुलांना खेळ शिकवणार. आणि पोर्टलंडमध्ये शिकवणार — तुझ्याजवळ राहून."